आलेलं बी उगवत नाही: दोष पाकिटाचा की आपल्या गच्चीचा?

डिसेंबर संपत आला की निरोप सुरू होतात. शब्द थोडे इकडचे तिकडे, मजकूर एकच. ‘‘दादा, तुम्ही दिलेलं मिरचीचं बी फुकट गेलं. तीन आठवडे झाले, एक कोंब नाही.’’ कधी त्यात राग असतो, कधी संकोच. मग मी त्यांनी बी कसं लावलं ते विचारतो, आणि दहातल्या सात-आठ वेळा कुंडी बाल्कनीत उघड्यावर ठेवलेली निघते. पुण्यात. ऐन थंडीत.

कोथरूडच्या गच्चीवर मी गेली काही वर्षं तिखट मिरच्या लावतोय आणि त्यांच्या बियांची देवघेव करतोय. या काळात मी स्वतः खराब बी वाटलंय, चांगलं बी कुजवलंय आणि एकदा तर नाव एक, निघालं भलतंच, असंही केलंय. त्याबद्दल पुढे लिहितो. देवघेवीत आलेल्या बियांची तक्रार तीन प्रकारची असते: काहीच उगवलं नाही, उगवून आडवं पडलं, किंवा छान वाढलं पण पाकिटावर लिहिलेलं ते हे नव्हेच. यातलं आपलं दुखणं कोणतं, हे आधी ओळखा. तिन्हींची कारणं वेगळी आहेत आणि एकीचा उपाय दुसरीवर केला तर उरलंसुरलं बीही जातं.

काहीच उगवलं नाही

मिरचीच्या बियांना ऊब लागते. मातीचं तापमान २५ ते ३० अंश असेल तर लवंगी, ज्वाला, ब्याडगी यांसारख्या आपल्या नेहमीच्या मिरच्या आठवडा ते दोन आठवड्यांत उगवतात. २० च्या खाली गेलं की सगळं रेंगाळतं, आणि १५ च्या आसपास बी नुसतं ओलं होऊन पडून राहतं. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० अंशांच्या आसपास येतो, पाषाण किंवा एनडीएच्या बाजूला त्याहूनही खाली. दुपारी ऊन छान असतं म्हणून आपल्याला वाटतं की ऊब आहे. पण रात्रभर गार पडलेली ओली माती दुपारच्या तीन-चार तासांत कितीशी तापणार? अशा मातीत बी झोपून राहतं, आपण काळजीपोटी रोज पाणी घालतो, आणि शेवटी ते कुजतं. दोष पाकिटाचा नसतो.

उपाय घरातच आहे. थंडीत इडलीचं पीठ फुगायला तुम्ही जिथे ठेवता, तिथेच बी ठेवा. प्रत्येक घरात अशी एक जागा असते आणि ती घरातल्या बायकांना थर्मामीटरशिवाय ठाऊक असते. आमच्याकडे ती वायफायच्या राउटरशेजारचा कोपरा आहे. काही जण थर्मोकोलच्या खोक्यात रात्री गरम पाण्याची बाटली ठेवतात, तेही चालतं. बी रुजताना उजेड लागत नाही, ऊब लागते. पहिला हिरवा ठिपका दिसला की मात्र त्याच दिवशी उजेडात आणायचं.

दुसरं कारण घाई. भूत जोलोकिया, हाबानेरो, कॅरोलायना रीपर ही मंडळी मिरचीच्या वेगळ्या जातीतली, शास्त्रीय भाषेत कॅप्सिकम चायनेन्स. आपली रोजची मिरची कॅप्सिकम अ‍ॅन्युअम. चायनेन्स उगवायला तीन-चार आठवडे सहज घेते, कधी सहाही. ‘पंधरा दिवस झाले, काही नाही’ म्हणून माती उकरून बघणाऱ्यांनी जितकी रोपं मारली असतील, तितकी कुठल्याही रोगाने मारली नसतील. त्यात मीही आहे. उकरताना कोंबाचं टोक तुटलं की खेळ संपला.

तिसरं कारण खोली. बी अर्धा सेंटिमीटरपेक्षा खाली नको. नेहमीचं पेरणीचं ज्ञान वापरून लोक बोटाचं एक पेर आत खुपसतात. त्यातून वर यायला त्या इवल्या बियात तेवढी शिदोरी नसते.

आणि हो, कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. बाजारात वीट मिळते ती स्वस्तातली असेल तर त्यात मीठ असतं. पाण्यात फुगवून, पिळून, पुन्हा पाण्यात, असं दोन-तीन वेळा धुवा. न धुतलेल्या कोकोपीटमध्ये माझा एक संपूर्ण प्रो-ट्रे, म्हणजे रोपांचा खणांचा ट्रे, वाया गेला होता. ९८ खणांतून उगवले ११. त्या वर्षी मी बी देणाऱ्याला मनातल्या मनात बरंच काही बोललो होतो.

एवढं सगळं ठीक असूनही उगवलं नाही, तर मग पाकिटाकडे वळा. मिरचीचं बी घरच्या साध्या हवेत दोन-तीन वर्षं चांगलं राहतं, नंतर उगवण घसरत जाते. पाकिटावर वर्ष नसेल तर ते जुनंच धरा. हिरव्या मिरचीतून काढलेलं बी कच्चं असतं, ते सहसा उगवत नाही. मंडईतून आणलेल्या हिरव्या मिरच्यांचं बी पेरून दरवर्षी कोणी ना कोणी निराश होतं. वाण्याकडच्या सुक्या लाल मिरचीतलं बी पुष्कळदा उगवतं, पण ते किती उन्हात तापलं, किती महिने पोत्यात होतं, हे कळायला मार्ग नाही. शिवाय त्यातली बरीच मिरची संकरित बियाण्याची असते, म्हणजे उगवलं तरी आईसारखं येईलच असं नाही.

दहा बियांची चाचणी

आता या साऱ्या ओरडीवरचा माझा एकमेव हट्ट. बी कोणाला देण्याआधी आणि कोणाच्या बियांना नावं ठेवण्याआधी, दहा बिया घ्या. टिश्यू पेपर ओला करून पिळा, इतका की उचलला तर थेंब पडू नये. त्यात बिया सुट्या सुट्या ठेवून घडी घाला, घडी झाकणाच्या डब्यात, डबा त्या इडलीच्या पिठाच्या कोपऱ्यात. रोज एकदा झाकण उघडून हवा द्या. अ‍ॅन्युअमसाठी दोन आठवडे, चायनेन्ससाठी चार. किती बियांना मोड आले ते मोजा.

दहातल्या सहांना मोड आले तर बी चांगलं आहे. हे मी मनाचं सांगत नाही. आपल्याकडे प्रमाणित बियाण्याच्या मानकांत मिरचीसाठी किमान उगवणच ६० टक्के आहे. दुकानातल्या प्रमाणित पाकिटाकडून जेवढी अपेक्षा, तेवढीच मित्राने फुकट दिलेल्या पाकिटाकडून ठेवावी. ‘वीसपैकी तेराच आल्या’ म्हणून तक्रार करणाऱ्याने स्वतःला भाग्यवान समजावं.

मोड आलेल्या बिया वाया जात नाहीत. मूळ अर्धा-एक सेंटिमीटर झालं की चिमट्याने नव्हे, ओल्या टूथपिकच्या टोकाने उचलून मातीत ठेवा. टिश्यूला मूळ चिकटलं असेल तर ओढू नका, तेवढा कागद फाडून त्यासकट लावा.

डब्यात उगवतं आणि कुंडीत उगवत नाही, तर चूक कुंडीची. डब्यातही उगवत नाही, तर चूक बियांची. इतकं सरळ. दोन्हीकडे बरं उगवलं आणि तरी तुमच्याकडे रोपं नाहीत, तर पुढचा भाग वाचा. किंवा चिमण्या बघा.

उगवलं आणि आडवं पडलं

संध्याकाळी ताठ असलेलं रोप सकाळी देठाशी काळपट, बारीक होऊन लोळलेलं दिसतं. शेतकरी याला रोपं कोलमडणं म्हणतात. पिथियम, रायझोक्टोनिया यांसारख्या बुरश्या मातीलगतचा देठ खातात. पडलेलं रोप वाचत नाही, त्यावर वेळ घालवू नका. शेजारची वाचवायची.

पावसाळ्यात हे जास्त होतं आणि नवख्यांच्या घरी त्याहून जास्त, कारण उगवल्यानंतरही डब्यावरचं प्लास्टिक काढलेलं नसतं. उगवेपर्यंत दमटपणा हवा, उगवल्यावर वारा हवा. प्लास्टिक काढा, पाणी वरून न घालता ट्रेच्या तळाशी थाळीत ओता आणि अर्ध्या तासाने उरलेलं फेकून द्या. बागेतली माती रोपांना वापरू नका. ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी, कृषी सेवा केंद्रात सहज मिळतो, तो मिश्रणात आधीच मिसळलेला बरा. रोपं पडू लागल्यावर घालण्यात फारसा अर्थ नाही.

एक किरकोळ पण वारंवार विचारलं जाणारं: रोप वर येतं पण बियांची टोपी डोक्यावर अडकून राहते, पानं उघडत नाहीत. ओढू नका. दिवसातून दोनदा पाण्याचा थेंब त्या टोपीवर ठेवा, एक-दोन दिवसांत ती मऊ होऊन सुटते.

वाढलं, फळलं, पण भलतंच

माझ्या हातून झालेली गोष्ट ही.

भूत जोलोकियाचं एक सुंदर झाड होतं माझ्याकडे. ईशान्येकडची ही मिरची. नागालँडमध्ये तिला राजा मिरची म्हणतात आणि तिथल्या नागा मिरचीला २००८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. २००७ मध्ये गिनेसने भूत जोलोकियाला जगातली सर्वांत तिखट मिरची ठरवलं तेव्हा तिचा तिखटपणा स्कोव्हिल मापावर दहा लाखांच्या वर मोजला गेला होता. अंदाज यावा म्हणून सांगतो, हालापेनो मिरची याच मापावर आठ हजारांपर्यंत जाते. तर अशा झाडाशेजारीच केरळची कांथारी लावलेली होती. दोन्ही फुलल्या, मधमाश्या आल्या. भूताच्या फळांतून मी बी काढलं, नीट वाळवलं, पाकिटावर ‘भूत जोलोकिया, शुद्ध’ असं लिहिलं आणि पाच-सहा जणांना वाटलं. त्यात सासवडच्या एक मावशी होत्या.

‘शुद्ध’ हा शब्द मी कुठल्या जोरावर लिहिला, देव जाणे.

मिरचीचं फूल बहुतेक वेळा स्वतःच्याच परागाने फळतं, हे खरं. पण मधमाशी आली की शेजारचा परागही येतो. बियाणे प्रमाणीकरणात पायाभूत बियाण्यासाठी (ज्यापासून पुढे प्रमाणित बी तयार करतात ते) दोन वाणांत ४०० मीटर आणि प्रमाणितसाठी २०० मीटर अंतर ठेवायला सांगतात, ते याचसाठी. आपल्या गच्चीची लांबी किती? आणि शेजारच्या सोसायटीतल्या काकूंनी काय लावलंय, हे कोण विचारायला जातं?

इथे एक गैरसमज मोडायला हवा. ‘ढोबळीच्या शेजारी तिखट मिरची लावली म्हणून यंदाची ढोबळी तिखट झाली’ असं पुष्कळ जण शपथेवर सांगतात. तसं होत नाही. फळाची भिंत आणि आतली पांढरी शीर आईच्याच झाडाची असते, आणि तिखटपणा त्या शिरेत असतो, बियांत नव्हे. परका पराग बियांत शिरतो आणि त्याचा गुण ते बी पेरल्यावर, म्हणजे पुढच्या पिढीत दिसतो. म्हणूनच देणाऱ्याला फसवाफसवी कळत नाही. माझ्या झाडाची फळं अस्सल भूताचीच होती, खडबडीत, सुरकुतलेली. फसवणूक पाकिटात बसली होती.

यावरचा उपाय स्वस्त आहे. लग्नात भेटी द्यायला जाळीच्या छोट्या पोटल्या मिळतात, नाडीवाल्या. तुळशीबागेत, रविवार पेठेत डझनावारी मिळतील. फुलं कळीत असतानाच एका फांदीवर पोटली चढवा, नाडी ओढा. फुललं की दिवसातून एकदा फांदीला टिचकी मारा, आतल्या आत पराग पडतो. ज्वारीएवढं फळ धरलं की पोटली काढा आणि त्या फळाच्या देठाला लाल दोरा बांधा. दोरावाल्या फळांचंच बी वाटायचं, बाकीची भाजीला. एप्रिल-मेमध्ये हा उद्योग करू नका. पुण्याच्या उन्हात फुलं तशीही गळतात, पोटलीत तर सगळीच गळतील. जुलै उलटल्यावर करा.

झाड निवडतानाही डोळे उघडे हवेत. पानं वाटीसारखी वळून चुरगळलेली, शेंडा आखडलेला, म्हणजे बोकड्या. पांढरी माशी हा रोग पसरवते. फुलकिडे आणि कोळ्यामुळेही पानं तशीच वळतात आणि लांबून फरक कळत नाही. कारण काहीही असो, अशा झाडाचं बी वाटू नये. आणि तंबाखू मळणाऱ्यांनी, मिशरी लावणाऱ्यांनी रोपांना हात लावण्याआधी साबणाने हात धुवावेत. तंबाखूवरचा मोझेक विषाणू हातावरून मिरचीवर जातो आणि बियांच्या सालीवर बसून पुढच्या घरी पोहोचतो. आमच्या माळीकाकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच तंबाखूचं दुकान बंद करायला निघालोय.

बी काढताना, वाळवताना, पाठवताना

फळ झाडावर पूर्ण लाल, किंवा जो काय त्याचा शेवटचा रंग असेल तो, होऊ द्या. तोडल्यावर दोन-तीन दिवस घरात मऊ पडू द्या. हातमोजे घालूनच चिरा. भूत किंवा रीपर उघड्या हाताने चिरून नंतर डोळ्यातली लेन्स काढायला गेलेला मनुष्य मला माहीत आहे, तो हा लेख लिहितोय. हात भाजले तर नुसत्या पाण्याने काही होत नाही, कारण ते तिखट पाण्यात विरघळत नाही. आधी तेल चोळा, मग साबण.

बी काचेच्या किंवा चिनी मातीच्या थाळीत पसरा. वर्तमानपत्रावर पसरलं की चिकटतं. कडक उन्हात ठेवू नका, पंख्याखाली सावलीत आठ-दहा दिवस. दोन बोटांत वाकवून बघा. वाकलं तर ओलं, तुटलं तर वाळलं. काळपट, पातळ बिया काढून टाका. पुण्यातल्या जुलै-ऑगस्टच्या हवेत हे नीट होतच नाही, म्हणून पावसाळ्यात काढलेलं बी सिलिका जेलच्या पुडीबरोबर बरणीत दोन दिवस बंद करून मग पाकिटात भरा. फ्रिजमध्ये ठेवत असाल तर बाहेर काढल्यावर बरणी लगेच उघडू नका. खोलीच्या तापमानाला आली की मगच, नाहीतर गार बियांवर दव धरतं आणि वर्षभराची मेहनत त्या एका मिनिटात ओली होते.

पाठवताना पातळ पत्राच्या पाकिटात सुट्या बिया टाकू नका, वाटेत दबून चिरडतात. छोटी कागदी पुडी, तिच्याभोवती बबल रॅप किंवा पुठ्ठ्याचे दोन तुकडे. वीस बिया पुरेत. नवीन माणसाने सुरुवात करताना बदल्यात द्यायला काही नसलं तरी संकोचू नये. परतीचं तिकीट लावलेलं पाकीट पाठवलं की बहुतेक जुने लोक देतात. पहिल्या वर्षी लवंगी किंवा ज्वाला घ्या. पहिल्याच झटक्यात रीपर मागणाऱ्याला मी हल्ली आधी दहा बियांच्या चाचणीचा फोटो मागतो.

परदेशातून टपालाने बी मागवायच्या भानगडीत पडू नका. २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाप्रमाणे आयातीसाठी परवाना आणि तिकडचं वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. पाकिटावर बियांऐवजी ‘मणी’ लिहून पाठवणारे ते देत नाहीत. देशातल्या देशात आपल्या घरचं बी देण्याघेण्याला अशी अडचण नाही. शेतकऱ्यांना तर २००१ च्या पीक वाण संरक्षण कायद्याने बी राखण्याचा, वाटण्याचा, बदलण्याचा हक्कच दिलाय, फक्त संरक्षित वाणाचं बी ब्रँडच्या नावाने विकता येत नाही.

आणि झगमगीत फोटोंना भुलू नका. निळ्याशार मिरचीचं बी म्हणून जे विकतात, तशी मिरची नसते. जांभळी असते, ती पिकून बहुधा लालच होते. २०२३ मध्ये पेपर एक्स या मिरचीने २६,९३,००० स्कोव्हिलचा विक्रम केला, त्या आठवड्यातच तिचं बी देऊ करणारे उगवले. ती तयार करणाऱ्या एड करी यांनी तेव्हा कोणालाच बी विकलेलं नव्हतं.

आता सासवडच्या मावशी. त्यांनी माझं ते ‘शुद्ध’ बी निष्ठेने लावलं, वाढवलं आणि ऑक्टोबरात फोन केला. ‘‘अरे, तुझं भूत काही आलं नाही बघ. बोटाच्या पेराएवढ्या मिरच्या आल्यात, गुळगुळीत. पण ठेचा असा झालाय की तुझे काका दोन भाकऱ्या जास्त जेवले आणि मग अंगणात जाऊन बसले.’’ मी माफी मागायला लागलो तर म्हणाल्या, ते राहू दे, मी बी पाठवते, तूही लाव. पुडी आली. मी दहा बियांची चाचणी घेतली. यंदा ते बी कोणी मागितलं तर देईन, पण पाकिटावर असं लिहून:

नाव नाही. आई भूत जोलोकिया, बाप बहुतेक कांथारी. दुसरी पिढी, प्रत्येक झाड वेगळं निघेल. सासवड, उघड्यावर फळलेली, पोटली नाही. चाचणी: १० पैकी ८, एकोणीस दिवसांत.